पुन्हा तोच चित्रपट विकत घेताना

घरात चित्रपट जमवणाऱ्यांकडून कंपन्यांनी एकाच चित्रपटाचे पैसे किती वेळा वसूल केले, याचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस बाजारात आणली आणि चित्रपट कॅसेटच्या रूपाने घरात शिरला. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली, तेव्हा त्या कॅसेटी माळ्यावर गेल्या. २००६ मध्ये ब्लू-रे आली, २०१६ मध्ये फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे. मधल्या काळात लेझरडिस्क आणि एचडी डीव्हीडीवर पैसे घालून हात पोळून घेतलेलेही आहेत. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चा एखादा अमेरिकन चाहता हे सगळे टप्पे इमानाने पार करत आला असेल, तर १९६२ चा तो एकच चित्रपट त्याने निदान चारदा विकत घेतला आहे. प्रत्येक वेळी वेष्टनावरचे आश्वासन तेच: आता तुम्हाला खरा चित्रपट दिसेल. माझे म्हणणे असे की केवळ फॉरमॅट बदलला म्हणून कपाटातला चित्रपट बदलून घेणे हा जवळजवळ नेहमीच तोट्याचा सौदा असतो. एखाद्या चित्रपटाची एखादी आवृत्ती पारखून केलेला बदल मात्र पुष्कळदा पैसे वसूल करून देतो. डिस्क हे शेवटी भांडे आहे. त्यात काय ओतले आहे, हे विचारल्याशिवाय भांड्याची किंमत करता येत नाही.

आधी हे मान्य करायला हवे की सगळ्या उड्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. कॅसेटकडून डीव्हीडीकडे जाण्यात चित्र सुधारलेच, पण त्याहून मोठे म्हणजे वापर बदलला. रीळ गुंडाळत बसायचे संपले, हवा तो प्रसंग ताबडतोब काढता येऊ लागला, वारंवार पाहून फीत झिजण्याची भीती गेली, सबटायटल आणि दुसऱ्या भाषेतला ध्वनी त्याच डिस्कवर मिळाला. तो बदल करू की नको, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. पुढचे दोन बदल मुख्यतः आकड्यांचे आहेत. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके बसतात. ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. फोर-केवर सुमारे ८३ लाख. लाल लेझरच्या जागी अधिक सूक्ष्म निळा-जांभळा लेझर आल्याने हे साधले. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटरवरून ४०५ वर उतरली, डिस्कवरच्या खुणा बारीक झाल्या आणि दोन थरांच्या डिस्कची क्षमता ८.५ गिगाबाइटवरून ५० वर गेली. तीन थरांची फोर-के डिस्क १०० गिगाबाइटपर्यंत पोचते. कागदावर पाहिले तर पहिली झेप पाचपट, दुसरी चौपट. दोन्ही जवळपास सारख्याच वाटतात. डोळ्याला त्या सारख्या दिसत नाहीत, आणि घोळ इथेच सुरू होतो.

निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. डोळे तपासणाऱ्याच्या तक्त्यावरची सहा-बाय-सहा दृष्टी म्हणजे हेच. यावरून टीव्हीपासून किती अंतरावर किती बारकावा दिसेल, याचे गणित शाळकरी भूमितीने मांडता येते. ४३ इंची टीव्हीवर ब्लू-रेचा एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, १.७ मीटरपेक्षा लांब बसले की ठिपके एकमेकांत विरून जातात. फोर-केचा ठिपका त्याच्या निम्मा, म्हणजे तो वेगळा दिसायला पडद्यापासून ८५ सेंटिमीटरवर नाक न्यावे लागेल. डीव्हीडीच्या रेषा मात्र त्याच टीव्हीवर तीन मीटरांवरूनही जाणवतात. आपल्या शहरी घरांतल्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांत दोन ते तीन मीटरांचे अंतर असते. म्हणजे डीव्हीडीकडून ब्लू-रेकडे गेल्यावर जो बारकावा वाढतो त्यातला बराचसा सोफ्यावर बसून दिसतो, आणि ब्लू-रेकडून फोर-केकडे गेल्यावर वाढतो त्यातला जवळजवळ काहीच दिसत नाही. टीव्ही ६५ इंची घेतला तरी ब्लू-रेचे ठिपके अडीच मीटरांच्या पलीकडे मिसळतात. चित्र उलटते ते प्रोजेक्टरपाशी. १२० इंची पडद्यासमोर साडेतीन मीटरांवर बसणाऱ्याला ब्लू-रे आणि फोर-के यांतला फरक समजून येतो, कारण तिथे ठिपके मिसळायला पावणेपाच मीटर लागतात. काहींची नजर तक्त्यापेक्षा तीक्ष्ण असते, हे खरे. तरीही चौपट ठिपक्यांचे मोल भिंतभर पडद्यावरच चुकते होते, हा निष्कर्ष त्याने बदलत नाही.

यावर जाणकार लगेच सांगतील की फोर-केचे खरे बळ ठिपक्यांत नाहीच, ते रंगांत आणि उजेडात आहे. आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, फोर-केवर १०२४. संधिप्रकाशातल्या आकाशात ब्लू-रेवर जे पट्टे उमटतात, ते इथे नाहीसे होतात. शिवाय जुनी पद्धत पडद्याची कमाल उजळता १०० निट धरून आखलेली होती. एचडीआर या नव्या पद्धतीत एक हजार, कधी चार हजार निट धरून रंगयोजना केली जाते. त्यामुळे मेणबत्तीची ज्योत आणि तिच्याभोवतीचा अंधार दोन्ही एकाच चौकटीत शाबूत राहतात. उत्तम ओएलईडी टीव्हीवर, दिवे मालवून हा फरक पाहिला तर तो कोणाच्याही लक्षात येईल. पण 'उत्तम टीव्हीवर' आणि 'दिवे मालवून' या दोन अटी त्या आश्वासनात बारीक अक्षरांतही छापलेल्या नसतात. आपल्याकडे ज्यावर एचडीआरचे लेबल असते अशा स्वस्त टीव्हींपैकी बहुतेकांची कमाल उजळता तीनशे निटच्या आसपास असते. असा टीव्ही हजार निटांचे चित्र स्वीकारतो आणि आपल्या कुवतीत बसवण्यासाठी ते दाबतो. परिणामी कित्येकदा चित्र साध्या ब्लू-रेपेक्षा काळवंडलेले दिसते. दिवसाढवळ्या, खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असताना तर बोलायलाच नको. ज्याच्याकडे चांगला टीव्ही नाही त्याने फोर-के डिस्क घेणे म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणे. आधी टीव्ही, मग डिस्क, आणि टीव्हीच्याही आधी खोलीला पडदे.

आता मूळ मुद्दा. चित्रपट ज्यावर चित्रित झाला आणि ज्या स्वरूपात पूर्ण झाला, त्यापेक्षा जास्त काही कोणतीही डिस्क दाखवू शकत नाही. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये ब्लू-रेपेक्षा अधिक तपशील असतो. ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये तर फोर-केलाही पुरून उरेल एवढा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह पन्नाशीच्या निमित्ताने आठ-के दर्जाने स्कॅन झाली आणि २०२० मध्ये ती फोर-के डिस्कवर आली. वाळवंटाच्या क्षितिजावरचा ठिपका हळूहळू उंटस्वार होत जातो, तो प्रसंग डीव्हीडीवर पाहणे ही थट्टाच होती. तिथे तो ठिपका बसवायला जागाच नव्हती. अशा चित्रपटासाठी चौथ्यांदा पैसे मोजणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. दुसऱ्या टोकाला डॅनी बॉईलचा '२८ डेज लेटर' आहे. २००२ चा हा चित्रपट बहुतांशी कॅननच्या एका मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झाला, म्हणजे मूळ चित्रच डीव्हीडीच्या दर्जाचे. त्याची ब्लू-रे घेतल्याने दबलेले रंग किंवा ध्वनी थोडे सुधारतील, पण नसलेला बारकावा कुठून येणार? या दोहोंच्या मध्ये एक मोठा आणि फसवा प्रदेश आहे. २००० नंतरच्या दीड दशकात हॉलिवूडचे असंख्य चित्रपट फिल्मवर चित्रित झाले आणि संगणकावर टू-के दर्जात पूर्ण केले गेले. टू-के म्हणजे ब्लू-रेपेक्षा नाममात्र अधिक. अशा चित्रपटांच्या फोर-के डिस्कवरचे बहुतेक ठिपके संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. एचडीआरचा लाभ तिथेही मिळू शकतो, नाही असे नाही. पण वेष्टनावरचा फोर-के हा शब्द तिथे अर्धसत्य असतो, आणि ते अर्धसत्य खरेदीदाराला कोणी सांगत नाही.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण चित्रपटाचे नसून मालिकेचे आहे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि विशेष दृश्ये व्हिडिओटेपवर केली गेली. त्यामुळे प्रसारणाची मूळ प्रत म्हणून जे होते ते टीव्हीच्या दर्जाचेच. ब्लू-रे काढायची तर ती टेप मोठी करून भागणार नव्हते. सात हंगामांची मूळ फिल्म गोदामातून काढून, प्रत्येक तुकडा पुन्हा स्कॅन करून, पुन्हा जोडून, विशेष दृश्ये नव्याने रचून ती मालिका २०१२ पासून अक्षरशः दुसऱ्यांदा तयार केली गेली. तिची डीव्हीडी आणि ब्लू-रे शेजारी शेजारी लावली तर दोन वेगळ्या दशकांतल्या मालिका वाटतात. तिच्याच पाठोपाठची 'डीप स्पेस नाइन'ही फिल्मवरच चित्रित झालेली, पण तिच्या वाट्याला हे श्रम आले नाहीत आणि ती डीव्हीडीच्या पुढे सरकली नाही. फॉरमॅट तोच, निर्मिती त्याच जातीची. फरक पडला तो पैसे आणि माणसांचे श्रम लागले की नाही यामुळे. डिस्क विकत घेणारा खरे तर त्या श्रमांचे पैसे देत असतो, निदान द्यायला हवेत.

आणि श्रम चुकीच्या हातून झाले तर नवे जुन्याहून वाईट निघते. फिल्मला दाणा असतो, रेतीसारखी बारीक हलती कणी. तो दोष मानून संगणकाने पुसून टाकायची खोड उद्योगाला मधूनमधून लागते. २०१० मध्ये आलेल्या 'प्रेडेटर'च्या नव्या ब्लू-रेत नायकाचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा झाला होता. आधीची, कमी पैशांची ब्लू-रेच बरी, असे तेव्हा चाहत्यांचे मत पडले. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स', 'द अबिस' आणि 'ट्रू लाइज' या तीन चित्रपटांच्या फोर-के डिस्क निघाल्या, तेव्हा हीच तक्रार पुन्हा झाली. यंत्राने दाणा पुसून वर धार चढवली होती. 'ट्रू लाइज'ची गंमत अशी की पंचवीस वर्षे चाहत्यांकडे मुख्यतः १९९९ ची डीव्हीडी होती आणि तीही रुंद चित्र काळ्या पट्ट्यांसकट आखूड चौकटीत बसवलेली. एवढी वाट पाहून हाती आले ते रंगरंगोटी केलेले. तरीही त्या डीव्हीडीपुढे मी नवी डिस्कच निवडेन. वाईट पुनर्निर्मितीसुद्धा कधी कधी वाईट मूळ प्रतीपेक्षा सुसह्य असते. उलट बाजूचे उदाहरण 'स्टार वॉर्स'चे. जॉर्ज लुकसने पुढे जे फेरफार केले ते नसलेली, १९७७ मध्ये चित्रपटगृहात दिसलेली आवृत्ती घरगुती डिस्कवर हवी असेल तर २००६ च्या डीव्हीडीतल्या जोडडिस्ककडे जावे लागते; ती प्रतही लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून उतरवलेली आहे. ब्लू-रे आणि फोर-केवर आली ती बदललेली आवृत्ती. ज्याने नवे घेतले म्हणून जुने रद्दीत दिले, त्याने चित्र स्वच्छ करून घेतले आणि चित्रपट गमावला.

इतके सगळे ऐकून कोणी म्हणेल की मग डिस्क हव्यातच कशाला, सगळे ओटीटीवर आहे. सोय पाहिली तर याला उत्तर नाही. दर्जाच्या बाबतीत आहे. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाची शिफारस करते. त्या वेगाने दोन तासांत साडेतेरा गिगाबाइट माहिती येते. साध्या ब्लू-रेवर तेवढ्याच लांबीच्या चित्रपटाला सहज पंचवीस गिगाबाइट मिळतात, फोर-के डिस्कवर त्याच्या दुप्पट आणि कधी अधिक. आजची दाबण्याची पद्धत ब्लू-रेच्या काळापेक्षा हुशार आहे, हे गृहीत धरले तरी धूर, पाऊस, गर्दी आणि अंधार असलेल्या प्रसंगांत ती तूट उघडी पडते. ध्वनीत तर तफावत अधिकच. ब्लू-रेवर ध्वनी न गाळता भरता येतो, ओटीटीवर तो गाळूनच येतो. अर्थात टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याला यातले काही कळणार नाही. दर्जापेक्षाही वजनदार मुद्दा मालकीचा. 'अल्ट्राव्हायोलेट' नावाची हॉलिवूडपुरस्कृत डिजिटल कपाटाची योजना २०१९ मध्ये बंद झाली, आणि ज्यांनी तिथे चित्रपट 'विकत' घेतले होते त्यांना ते दुसऱ्या सेवांकडे हलवावे लागले. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला: डिजिटल दुकानांनी ग्राहकाला स्पष्ट सांगावे की त्याला मिळते आहे ते वापराचे परवानापत्र, वस्तू नव्हे. तेव्हा ओटीटी आणि डिस्क यांची तुलना भाड्याचे घर आणि मालकीचे घर यांच्यासारखी करावी लागते, आणि भाड्याने राहणे बहुतेकांना परवडते यात कमीपणा काही नाही. मात्र आयुष्यात पुन्हा पुन्हा पाहायचे दहा-वीस चित्रपट भाड्यावर सोडू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे: डिस्कचा धंदाच बुडतो आहे, मग बुडत्या जहाजावर नवे सामान का चढवायचे? ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेतून अंग काढून घेतले, एलजीने २०२४ मध्ये. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवायचा आपला मूळ धंदा सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळला, बेस्ट बाय या अमेरिकन साखळीने २०२४ मध्ये दुकानांतून चित्रपटांच्या डिस्क हलवल्या. डिस्क अमर असतात हाही भ्रम आहे. वॉर्नरने स्वतः मान्य केले की २००६ ते २००८ या काळात छापलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप नासत आहेत. हे सगळे मला मान्य आहे, आणि यातून निघणारा निष्कर्ष मात्र आक्षेप घेणाऱ्याला अपेक्षित त्याच्या उलट आहे. पैसे घालायचेच तर आधी प्लेयरमध्ये घालावेत. फोर-के प्लेयर ब्लू-रे वाचतो, डीव्हीडी वाचतो, सीडीही बहुधा वाचतो, आणि डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्यासाठी जमेल तितके नीटनेटके करून दाखवतो. कॅसेट सोडताना हा पर्याय नव्हता, तेव्हा सगळा संग्रह निकालात निघत होता. आज एक यंत्र बदलले की तीन पिढ्यांच्या डिस्क चालू राहतात. कपाटभर डिस्क बदलण्यापेक्षा एक चांगले यंत्र, तेही ते मिळते आहे तोवर घेऊन ठेवणे, हा खर्च मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एचडी डीव्हीडीचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे: २००६ मध्ये आलेला तो फॉरमॅट वॉर्नरने पाठ फिरवताच फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने सोडला, आणि त्याच्या डिस्क आजच्या कुठल्याही साध्या प्लेयरवर चालत नाहीत. नव्या फॉरमॅटवर पहिल्याच वर्षी धाव घेणाऱ्याला मिळणारे बक्षीस बहुधा असेच असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेत कॅसेटनंतर थेट डीव्हीडी आली. आपल्याकडे मधला मोठा काळ व्हीसीडीचा होता. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांची, एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास मावणारी व्हीसीडी म्हणजे एका हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन डिस्क, आणि मध्यंतराच्या आसपास सोफ्यावरून उठणे. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा स्पर्धा पदपथावरच्या पायरेटेड डिस्कशी होती. किंमत त्या पातळीला आली की चांगल्या प्रिंटचा खर्च कोण करणार? कित्येक भारतीय डीव्हीडींवर चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह कायमचे चिकटलेले असे, गाणी कापलेली असत, रंग उडालेले असत. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्याआधी, २०१६ मध्ये, मुंबईतले काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे दुकान बंद झाले होते. ब्लू-रेची बाजारपेठ इथे नीट उभी राहण्याआधीच ओटीटी आले. म्हणून आपल्याकडच्या संग्राहकाची डिस्क बहुधा परदेशी असते, अमेरिकेतल्या भाच्याने येताना आणलेली. आणि तिथे विभागांचे कुलूप आडवे येते. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए. फोर-के डिस्कवर हे कुलूप नाही. मोठ्या टीव्हीवाल्या मराठी संग्राहकाला फोर-केकडे जाण्याचे एक व्यवहारी कारण यात आहे, आणि ते चित्राच्या दर्जाशी अजिबात संबंधित नाही.

मराठी आणि हिंदी चित्रपटांपुरते बोलायचे तर फॉरमॅटचा वाद बराचसा निरर्थकच ठरतो, कारण अडचण डिस्कपाशी नसून निगेटिव्हपाशी आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांची मूळ सामग्री तिच्यात गेली. प्रभातचाच 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. मूळ निगेटिव्ह हाती नसताना त्याला फोर-के म्हटले काय आणि आठ-के म्हटले काय, दुय्यम प्रतीत जे उरले तेवढेच दिसणार. याचा अर्थ हात टेकायचे असाही नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांतले वाचवता आले ते तुकडे पुन्हा मऊ करून, उरलेले अन्य प्रतींतून घेऊन २०१५ मध्ये ती त्रयी उभी करण्यात आली. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन' आणि 'शोले'वर असेच काम केले. 'शोले'ची मूळ निगेटिव्ह खराब झालेली असूनही, १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदललेला शेवट मूळ स्वरूपात परत बसवून तो २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. अशा प्रतीची डिस्क निघाली तर ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकत घेण्यात काहीच गैर नाही. आणि ती ब्लू-रे आहे की फोर-के, हा प्रश्न फार नंतरचा.

इथे माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. सगळ्यांनी पारखून, थोडेच विकत घ्यायचे ठरवले तर पुनर्निर्मितीचा खर्च कोण देणार? हॉलिवूडने जुने चित्रपट स्कॅन केले ते कलाप्रेमापोटी कमी आणि ते पुन्हा विकता येतात म्हणून जास्त. भोळ्या गिऱ्हाइकाने चौथ्यांदा मोजलेल्या पैशांतून ओटीटीवरच्या सगळ्यांना स्वच्छ प्रत मिळाली, हे नाकारता येत नाही. मात्र आंधळी खरेदी चांगल्या स्कॅनला आणि मेणचट स्कॅनला सारखाच मोबदला देते. पारखून केलेली खरेदी निदान कंपनीला कळवते की लोक कशाचे पैसे देतात. भारतात तर तो भोळा गिऱ्हाईकही उरलेला नाही. इथे खर्च सरकारी तिजोरीतून होतो: राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान सुमारे ५९७ कोटी रुपयांचे आखले गेले. जनतेच्या पैशाने जे मराठी चित्रपट दुरुस्त होतात, ते महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा कोठीत ठेवू नयेत. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्यांच्या साध्या ब्लू-रे काढाव्यात, विभागाच्या कुलपाविना, मूळ मोनो ध्वनीसह, इंग्रजी सबटायटलसह, कोपऱ्यात कोणाचेही चिन्ह न चिकटवता, आणि कोणत्या प्रतीवरून स्कॅन केले ते वेष्टनावर छापून.